परत परत उवा होतात, शाळा बदलू का?

"मॅडम, शाळाच बदलायची म्हणतेय." खुर्चीत टेकायच्या आत आईने सांगून टाकलं. मुलगी चौथीतली. पंधरा दिवस रोज सकाळी पोट दुखायचं, रविवारी मात्र नाही. डॉक्टरांना पोटात काही सापडेना, म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलेलं.

मी आपली अभ्यास, परीक्षा, घरातली भांडणं असं सगळं उकरत बसले. पोरगी गप्प. दोन घट्ट वेण्या, कपाळावर ओघळ येईल इतकं तेल, कापराचा भपकारा. मध्येच तिने कानामागे बोट नेलं, चटकन काढलं आणि आईकडे चोरून पाहिलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

वर्गात बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "कोणाच्या डोक्यात उवा आहेत?" शेजारणीने हिच्याकडे बोट केलं. तेव्हापासून डबा खायला हिच्याजवळ कोणी बसत नव्हतं.

आईचा चेहरा पडला. "रोज न्हाऊ घालते हो! औषधही लावते, पण महिन्याभरात परत होतात. आता सीताफळाच्या बियांची पूड लावू का?"

ती अजिबात नको. डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. रॉकेलही नको. आणि उवांना स्वच्छ डोकंही तितकंच मानवतं, त्यामुळे आईचं न्हाऊ घालणं कुठे कमी पडलं नव्हतं.

चुकलं होतं ते वेगळंच. औषध एकदाच लावलेलं. परमेथ्रिनचं १ टक्का लोशन १० मिनिटं ठेवून धुतलं की जिवंत उवा मरतात, पण लिखा पुष्कळशा वाचतात. त्या साधारण आठ-नऊ दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात लागतो. आईने उवा दिसेनात म्हणून बाटली फडताळात ठेवून दिली होती. (हे जवळपास प्रत्येक घरात होतं. माझ्याही झालंय.)

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. म्हणून मी मुलीला विचारलं, "रात्री झोपतेस कुणाजवळ?"

"आजीजवळ."

पुढच्या वेळी आजी आल्या त्या फणकाऱ्यातच. "या वयात माझं डोकं तपासणार?" मी म्हटलं, "आजी, तपासायला नाही बोलावलं. नातीच्या डोक्यातून फणी फिरवायला तुमच्याइतका निवांत हात कुणाचा आहे घरात?" मग स्वतःहूनच म्हणाल्या, खाजतं खरं अधूनमधून.

दोघींना एकाच दिवशी औषध लागलं, नवव्या दिवशी पुन्हा. मध्ये दर तीन-चार दिवसांनी ओल्या केसांना कंडिशनर चोपडून बारीक दातांची फणी, मुळापासून टोकापर्यंत. प्रत्येक ओढीनंतर आजी फणी पांढऱ्या पंचावर पुसायच्या आणि मोजायच्या. आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. पहिल्या दिवशी २३. मग ६. मग १. उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुतले, बाकी घर धुवायची गरज नव्हती.

बाईंशीही बोलले. आता नावं न घेता सगळ्याच पालकांना चिठ्ठी जाते, एकाच शनिवार-रविवारी सगळ्यांनी डोकी तपासायची म्हणून.

उवा दोन-तीन आठवड्यांत गेल्या. डब्याची मैत्रीण परत शेजारी बसली ती मात्र दिवाळीनंतर.