७.५ एचपीच्या मोटरला ७.५ एचपीचाच व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) पुरेल का?

बहुतेक वेळा पुरतो, पण एचपी बघून ड्राइव्ह निवडू नका, अँपिअर बघा. मोटरच्या नेमप्लेटवर फुल लोड करंट लिहिलेला असतो. ड्राइव्हचा सलग आउटपुट करंट तेवढा किंवा त्याहून जास्त हवा, तोही तुमच्या व्होल्टेजला.

एचपी इथे फसवतं. त्याच एचपीची ८ पोलची (कमी वेगाची) मोटर ४ पोलच्या मोटरपेक्षा जास्त करंट ओढते, कारण तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, कमी असतो. सबमर्सिबल मोटरचंही तसंच. प्लेटवर १३ अँपिअर असेल आणि ड्राइव्ह १२ चा, तर खोक्यावर ७.५ एचपी छापलेलं असून काय उपयोग? एक साइज वरचा घ्या.

मग लोड बघा. पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर नॉर्मल ड्यूटी चालते, म्हणजे ड्राइव्ह आपल्या करंटच्या साधारण ११० टक्के एक मिनिट सोसतो. कन्व्हेयर, क्रशर, मिक्सर असेल तर हेवी ड्यूटीचा आकडा धरा, म्हणजे १५० टक्के एक मिनिट. एकाच ड्राइव्हच्या कॅटलॉगमध्ये दोन्ही ड्यूटींचे वेगळे अँपिअर दिलेले असतात आणि दुकानदार हमखास मोठा आकडा, म्हणजे नॉर्मल ड्यूटीचा, सांगतो!

थ्री फेज ड्राइव्हला सिंगल फेज सप्लाय देणार असाल तर साधारण दुप्पट करंटचा ड्राइव्ह लागतो. आधी मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते बघा. १००० मीटरच्या वरच्या उंचीवर किंवा तापलेल्या पॅनेलमध्येही क्षमता घटते.

ड्राइव्ह थोडा मोठा असला तरी बिघडत नाही. फक्त पॅरामीटरमध्ये मोटरचा खरा करंट भरा, नाहीतर ओव्हरलोड संरक्षण नावालाच उरेल.