साधी माणसे वंशसंहारात सामील कशी होतात?

कालपर्यंत शेजाऱ्यांच्या सुखदुःखात उभी राहणारी माणसे सरकारी छळाला आणि पुढे वंशसंहाराला हातभार का लावतात, ती केवळ भीतीपोटीच तसे करतात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भीतीचे कारण आपण गरजेपेक्षा फार लवकर मान्य करतो.

१३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूफ गावी जर्मनीच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनला ज्यू स्त्रिया, मुले आणि वृद्धांना गोळ्या घालण्याचे काम देण्यात आले. तिचे प्रमुख मेजर ट्राप यांनी, ज्या वयस्कर पोलिसांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे आधीच सांगितले होते. सुमारे ५०० जणांतून जेमतेम बाराएक पुढे आले, आणि त्यांना शिक्षाही झाली नाही. उरलेल्यांनी दिवसभरात सुमारे १,५०० माणसे मारली. हे कोणी निवडलेले कट्टर सैनिक नव्हते; बहुतेक हॅम्बुर्गकडचे, मध्यमवयीन, गोदीत किंवा कचेरीत काम केलेले. सोबत्यांच्या देखत रांगेतून बाहेर पडणे, आपल्या वाट्याचे घाणेरडे काम त्यांच्यावर टाकणे, याची लाज अनेकांना खुनाहून जड वाटली.

बंदूक न धरणाऱ्यांचा सहभाग मला अधिक अस्वस्थ करतो. जर्मन रेल्वेने ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या हद्दपारीच्या गाड्यांचे भाडे प्रवासी दरपत्रकाप्रमाणे आकारले. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले फुकट. हा हिशेब कुण्या कारकुनाने नीट जुळवला असणार, आणि त्याच्यापुढे कागदावर होते ते फक्त आकडे. (रवांडात १९९४ साली झालेल्या तुत्सी जमातीच्या वंशसंहारातही रस्त्यांवरच्या नाक्यांवर कोणाला मारायचे हे ओळखपत्रावरच्या जमातीच्या नोंदीवरून ठरे, ती नोंद बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात सुरू केली होती.)

नोव्हेंबर १९४१च्या हुकुमाने देशाबाहेर पाठवलेल्या जर्मन ज्यूंची मालमत्ता सरकारजमा होऊ लागली. त्याच हॅम्बुर्गमध्ये ज्यूंच्या घरांतले पलंग, कपाटे, चादरी, भांडी यांचे जाहीर लिलाव होत, आणि नेदरलँड्समधल्या ज्यूंचे सामानही तेथे विकायला येई. खरेदी करणाऱ्याने कोणाला हातही लावलेला नसे. मात्र पलंग घरी आणून त्यावर मुलांना निजवल्यावर, त्याचा मालक कधी परत येऊ नये, असे त्याला मनातून वाटू लागे. आणि मालक कुठे गेला हे विचारण्याचे त्याने टाळले, ते पोलिसांच्या धाकाने नव्हे.