सासूबाईंना सांभाळायचे पैसे कोण देणार?

प्रश्न : ताई, मी मोहोळ तालुक्यातल्या पारधी वस्तीवरनं लिहितेय. सासूबाईंना लकवा होऊन दोन वर्षं झाली, वय 72. दर दोन तासाला कूस बदलते, जुनी सोलापुरी चादर घडी करून पाठीला लावते, तरी माकडहाडापाशी लाल डाग आलाय. माझी मजुरी सुटली ती सुटलीच. दीर म्हणतो अमेरिकेतल्या आदिवासी जमाती राज्य सरकारशी बोलून म्हाताऱ्यांच्या सांभाळाला पैसा आणतात. खरंय का? आपल्याकडं काय मिळतं?

उत्तर : दिराचं खरंय. तिथं 1965 पासून गरिबांसाठी मेडिकेड योजना आहे, दवाखान्याबरोबर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सांभाळाचा खर्चही त्यातनं होतो, एरवी निम्मा किंवा जास्त पैसा केंद्र देतं आणि उरलेला राज्याच्या खिशातनं जातो. पण 1976 च्या कायद्यानं ठरलं की आदिवासी माणसाला सेवा जमातीच्या नाहीतर आदिवासी आरोग्य खात्याच्या दवाखान्यातनं मिळाली तर सगळा पैसा केंद्राचा, आणि 2016 पासून बाहेरच्यानं सेवा दिली तरी चालतं, पण त्या दवाखान्यानंच पाठवलेलं पाहिजे आणि त्याच्याशी लेखी करार पाहिजे. राज्याचा वाटा वाचतो म्हणून राज्य जमातीसोबत बसायला तयार होतं, खरी गोम ही आहे. ओक्लाहोमा राज्यात टालेक्वा गावी चेरोकी जमातीनं 2008 मध्ये 55 च्या पुढच्यांसाठी केंद्र काढलं, गाडी न्यायला येते, जेवण, व्यायाम, औषधं तिथंच आणि झोपायला माणूस आपल्या घरी.

आपल्याकडं दवाखान्याचं बिल भागतं, 70 च्या पुढं उत्पन्न न बघता आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत, पण रात्री उठून कूस बदलणाऱ्या सुनेच्या कष्टाचा हिशोब त्यात कुठंच नाही. मला याचा फार राग येतो.

तरी जे आहे ते सोडू नका. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 मिळत नसतील तर तहसीलला अर्ज टाका, घरच्या वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 21 हजारांच्या आतला लागतो. सिव्हिलमधनं सासूबाईंचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा, 40 टक्के किंवा वर आलं की ग्रामपंचायतीला विचारा, कारण स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियमच आहे त्यांना, गादी, व्हीलचेअर मागता येते. पारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणून सोलापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडंही मागणी करा, पण एकटीनं नको, वस्तीत अंथरुणावर किती जण आहेत ते मोजून सगळ्यांच्या सह्यांनी लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि तो लाल डाग बोटानं दाबून बघा. पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात आहे, अजिबात चोळू नका, त्या अंगावर झोपवू नका, उद्याच आशाताईंना नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टरला दाखवा.