सुरुवात स्क्रंचीपासून कर

अगं केसांच्या क्लिपा, बो वगैरे घरी करायचेत म्हणून एवढं सगळं सामान आत्ताच ऑर्डर करू नकोस, ग्लू गन, मोती, फेल्ट, सगळं नंतर. आधी घरातल्या जुन्या ओढणीची स्क्रंची, म्हणजे केसांना लावायचा कापडी चुण्यांचा रबर, करून बघ, १० सेमी रुंद आणि साधारण ५० सेमी लांब पट्टी, उलट्या बाजूने लांबीत शिवायची, सेफ्टी पिन लावून सुलट करायची, मग त्याच पिनेने १८-२० सेमी इलॅस्टिक ओवायचं, त्याच्या टोकांना घट्ट गाठ मारायची आणि कापडाची दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकायची, बस. इलॅस्टिकचं मागचं टोक दुसऱ्या पिनेने कापडाला अडकवून ठेव हं, नाहीतर ते आत पळतं आणि मग बस शोधत.

रिबनचे बो करणार असशील तर सॅटिन रिबन घे, ती बहुतेक पॉलिस्टरची असते त्यामुळे कापलेलं टोक मेणबत्तीजवळून झर्रकन फिरवलं की वितळून सील होतं, धागे सुटत नाहीत. ज्योतीच्या बाजूने फिरव, वर धरलंस तर काळं पडतं. कॉटनला हे चालत नाही, ती जळते, तिला फॅब्रिक ग्लूचं बोट लाव.

क्लिपवर बो नुसता चिकटवला तर निघतोच, धातू गुळगुळीत असतो ना, म्हणून आधी क्लिपला रिबन गुंडाळून चिकटव आणि त्यावर बो.

उरलेल्या तुकड्यांची छोटी फुलं गिफ्टच्या पाकिटावर मस्त दिसतात. आणि लहान बाळाला द्यायचं असेल तर मोती, मणी अजिबात नको, सुटला तर थेट तोंडात जातो.