संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा तारापूरच्या अणुकेंद्राची वीज का वाढवत नाहीत? जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प झाला तर महाराष्ट्राचा प्रश्न सुटेल का?

वीज क्षेत्रातली माणसंही हे विचारतात, याचं वाईट वाटतं. वाढवायला शिल्लक आहेच काय? तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. चालू असल्या की दिवसरात्र जवळपास पूर्ण लोडवरच असतात. दिवसा कमी ठेवून संध्याकाळी वाढवू म्हटलं, तर भट्टीतच तयार होणारा झेनॉन वायू आडवा येतो.

चालत्या भट्टीत आयोडीन-१३५ सतत तयार होतं. त्याचं अर्धायुष्य साडेसहा तासांचं. त्यातून झेनॉन-१३५ बनतो, त्याचं नऊ तासांचं. हा झेनॉन साखळी प्रक्रिया चालवणारे न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो आणि गिळतानाच संपतो, म्हणून स्थिर लोडवर तोल राहतो. भट्टी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, की न्यूट्रॉन थांबतात, पण साठलेलं आयोडीन झेनॉन बनवतच राहतं. दहा-अकरा तासांनी तो कळसाला पोचतो. इंधन नैसर्गिक युरेनियमचं, त्यात विखंडन होणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के, झेनॉनवर मात करायला हाताशी फार काही उरत नाही. ट्रिपचं कारण सापडून साधारण अर्ध्या तासात भट्टी परत वर गेली तर ठीक, नाहीतर दीडेक दिवस वाट बघायची. लोड नुसता निम्म्यावर आणला तरी हेच होतं, प्रमाण कमी इतकंच.

इंधन बदलणंही असंच न थांबणारं काम आहे. इंधनाच्या ३९२ आडव्या नळ्या (चॅनेल), प्रत्येकीत इंधनकांड्यांच्या १३ जुड्या (बंडल), एकेक बंडल सुमारे अर्धा मीटर लांब. भट्टी चालू असतानाच दोन फ्युएलिंग मशीन एका चॅनेलच्या दोन टोकांना येऊन बसतात आणि सील प्लग काढतात. एकीकडून नवे बंडल आत जातात, दुसरीकडून वापरलेले बाहेर येतात. यातलं एक मशीन अडकलं की रिॲक्टिव्हिटी, म्हणजे साखळी प्रक्रिया चालू ठेवण्याची ताकद, रोज थोडी उतरते. दुरुस्ती लांबली तर लोड खाली आणावाच लागतो.

म्हणून मागणीचा तळ अणुविजेने भरावा आणि शेंडा कोयनेच्या जलविजेने. घाटघरसारखे पंप्ड स्टोरेज प्रकल्प (तिथे २५० मेगावॉट) आणखी हवेत: दुपारच्या सौर विजेवर पाणी वर चढवा, संध्याकाळी खाली सोडा. ‘सौर की अणू’ हा वादच चुकीचा आहे, आणि तो घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ग्रीडचा चोवीस तासांचा आलेख नीट बघितलेला नसतो.

आता जैतापूर. मूळ आराखडा १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा, एकूण ९,९००. राज्याची उन्हाळी मागणी ३० हजार मेगावॉटच्या आसपास, म्हणजे हा आकडा लहान नाही. पण गुजरातेतल्या काक्रापारच्या तिसऱ्या, ७०० मेगावॉटच्या देशी भट्टीचं काँक्रीट २०१० मध्ये पडलं आणि व्यापारी उत्पादन २०२३ मध्ये सुरू झालं. जैतापूरला ठरलेल्या ईपीआर या फ्रेंच जातीच्या, फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलच्या भट्टीचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं आणि ती २०२४ च्या डिसेंबरात ग्रीडला जोडली गेली. माझं मत स्पष्ट आहे: आधी आपल्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्या एकामागून एक बांधा, म्हणजे ठेकेदार, वेल्डर आणि तपासनीस यांचा हात बसलेला राहील.

एक मात्र सांगायला हवं. फ्रान्समध्ये अणुभट्ट्या लोडप्रमाणे खालीवर करतात. त्यांचं इंधन समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं, असतं, नियंत्रक कांड्याही त्यासाठी वेगळ्या असतात. ईपीआरलाही ते जमतं. पण अणुविजेत खर्चाचा मोठा भाग बांधकामाचा असतो, इंधनाचा थोडा. भट्टी निम्म्या लोडवर ठेवली तरी कर्जाचा हप्ता पूर्णच भरावा लागतो आणि युनिट महाग पडतं.