तुपाची बेरी आणि जॅममधल्या बेऱ्या

प्रश्न असा: ‘मिक्स्ड बेरी जॅम’ची कृती मराठीत लिहायची आहे, ‘बेरी’साठी ‘बोर’ चालेल का?

नाही चालणार. उच्चार जवळचा, एवढंच. बोरात एकच टणक आठळी आणि गर पिठूळ. वनस्पतिशास्त्रातला शब्द आहे ‘मृदुफळ’, पण त्यात टोमॅटो, वांगं, केळं सगळं बसतं आणि स्ट्रॉबेरीच बाहेर राहते. शिवाय ‘बेरी’ आपल्याकडे आधीपासून आहे: लोणी कढवून तूप गाळलं की तळाशी उरते ती. साखर घालून खातात ती बेरी! म्हणून नुसतं ‘बेरी घाला’ न लिहिता ‘बेरीफळं’ लिहावं, आणि फळाला मराठी नाव असेल तर तेच वापरावं.

मलबेरी म्हणजे तुती, इथे वाद नाही. रसभरी मात्र फसवते. बाजारात रसभरी म्हणून मिळतं ते कागदी वेष्टनातलं पिवळं-केशरी फळ, चिरबोटीचं भावंड. रास्पबेरी वेगळी, गुलाबाच्या कुळातली. रास्पबेरी सॉसच्या कृतीत रसभरी घातलीत तर लाल रंग येणारच नाही. मुंबईच्या इराणी बेरी पुलावातली बेरी म्हणजे झरेश्क, आपल्या दारुहळदीच्या प्रजातीतली. ती धुऊन, मंद आचेवर तुपात जेमतेम अर्धा मिनिट परतायची. जास्त झाली की काळी पडून कडवट लागते.

क्रॅनबेरीला ‘करवंद’ म्हणणं चूक, कूळच निराळं. पण आंबटपणामुळे बदली म्हणून करवंद उत्तम. (केकवरची लाल ‘चेरी’सुद्धा बरेचदा पाकवलेलं करवंदच असते.) जेलीसाठी तीन वाट्या गदरलेली आणि एक वाटी पिकलेली करवंदं घ्या. नुसती पिकलेली घेतली तर पेक्टिन कमी पडतं आणि जेलीऐवजी सरबत होतं. चिरण्याआधी हाताला तेल लावा, चीक चिकटतो. फळं जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात स्टीलच्या पातेल्यात वीसेक मिनिटं शिजवा. ॲल्युमिनियम नको, आंबट रस त्याला खातो. मग फडक्यात टांगून ठेवा. पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून उकळा. चमचा तिरका धरल्यावर थेंब सुटे न पडता एकत्र होऊन पापुद्र्यासारखे लोंबले की लगेच उतरवा.