घड्याळाची पाठ उघडावी का?

*वाचकांचे प्रश्न, घड्याळ-कारागिरांची उत्तरे*

मुलाने दोन वर्षांपूर्वी साठीनिमित्त रोलेक्सचं डेटजस्ट दिलं. पाठ बंद पोलादी आहे. आतलं मशीन चालताना एकदा डोळ्यांनी बघायची फार इच्छा आहे. ऑनलाइन चिकट रबरी चेंडू आणि तीन दातांचा पाना मागवला आहे. मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, हात स्थिर आहे. उघडू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

नका उघडू. तुमच्या हाताबद्दल आम्हाला शंका नाही. अडचण पान्यात आहे, वॉशरमध्ये आहे आणि पाठ परत लावल्यावर जी तपासणी करावी लागते तिच्यात आहे. ही तिसरी गोष्ट तर घरात होतच नाही.

डेटजस्टची पाठ आट्यांवर फिरून बसते आणि तिच्या कडेला गोलाकार बारीक खाचा असतात. त्या खाचांत नेमकी बसणारी, त्याच व्यासाची चकती लागते. तुम्ही मागवलेला तीन दातांचा पाना हा सुट्या चौकोनी खाचा असलेल्या पाठीसाठी असतो. रोलेक्सच्या खाचेत त्याचा दात पूर्ण उतरत नाही, नुसता टोकावर टेकतो. जोर लावला की सटकतो आणि ओरखडा पाठीवरून थेट पट्टा अडकतो त्या कानापर्यंत जातो. पुढे कधी घड्याळ विकायचं झालं तर घेणारा जाणकार सगळ्यात आधी त्याच खाचांवर भिंग धरतो. रबरी चेंडूने ओरखडा पडत नाही हे खरं, पण तो हाताने आवळलेल्या पाठीसाठी. कारखान्यात पान्याने आवळलेली पाठ चेंडूला बहुतेकदा दाद देत नाही.

समजा, योग्य चकती मिळाली आणि पाठ सुटली. पाठीखालचं रबरी वॉशर दोन वर्षं एकाच जागी दाबून बसलेलं असतं, त्याला तोच आकार आलेला असतो. पाठ परत फिरवताना ते जरा सरकलं, चिमटलं किंवा त्यावर एक तंतू आडवा पडला तरी पाण्याला वाट मिळते. वरून पाठ मात्र पहिल्याइतकीच घट्ट लागते. म्हणून कारागीर पाठ उघडली की नवं वॉशर घालतो, त्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देतो आणि मग घड्याळ दाबयंत्रात ठेवतो. हे यंत्र घड्याळाभोवती हवेचा दाब वाढवतं आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, किती दबली ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतं. केस हवाबंद असेल तर दबलेली तशीच राहते. हवा आत शिरत असेल तर ती हळूहळू पूर्ववत होऊ लागते आणि काटा ते दाखवतो. घड्याळ 100 मीटरचं असलं तरी पाठ एकदा उघडली की ही तपासणी होईपर्यंत त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. सोलापुरात पाऊस कमी म्हणून निर्धास्त राहू नका. एप्रिल-मे महिन्यांत मनगटावरून निथळणारा घामही पाणीच आहे, वर खारट.

आणि धूळ. आपल्या गावात ती साधी नसते. यंत्रमागांच्या आसपासच्या पेठांत हवेत सुती तूस तरंगत असतो. कापसाचा एक तंतू माणसाच्या केसाच्या साधारण पाव जाडीचा, पण लांबीने इंचभर भरू शकतो. बॅलन्स चाकाच्या, म्हणजे झोके घेत घड्याळाची गती राखणाऱ्या चाकाच्या, आसाची टोकं मुळात केसाइतकी बारीक असतात, त्यात असा तंतू गुंडाळला गेला की चाकाचा झोका कमी होतो. घड्याळ लगेच बंद पडत नाही. आधी मागे पडू लागतं, मग एखाद्या सकाळी थांबलेलं सापडतं, आणि तोवर पाठ उघडल्याचं आपण विसरलेलो असतो.

एवढं करून दिसणार काय, तेही सांगतो. वर अर्धवर्तुळाकार रोटर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून स्प्रिंगला चावी देणारं वजन. ते कायम अर्धं मशीन झाकून बसतं. सध्याच्या 3235 मशीनमध्ये एका बाजूला सोनेरी झाकेचं बॅलन्स चाक आणि त्यात निळी हेअरस्प्रिंग, म्हणजे चाकाला मागे-पुढे झोके घ्यायला लावणारी बारीक वेढ्यांची स्प्रिंग. चाक सेकंदाला आठ ठोके टाकतं, त्यामुळे डोळ्याला ते चाक न वाटता थरथरणारी सोनेरी कडा वाटते. त्या कडेच्या आतल्या बाजूला बारीक नट असतात, वेळ जुळवायची ती त्यांच्यावर. सुंदर आहे, वाद नाही. पण दोन मिनिटांत बघून होतं.

तुमचं घड्याळ अजून पाच वर्षांच्या वॉरंटीत आहे. बाहेरच्या हाताने उघडल्याचं दिसलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते. ती वेळ येईल तेव्हा अधिकृत केंद्रात घड्याळ देताना ‘पाठ उघडल्यावर बघू द्याल का, निदान फोटो पाठवाल का’ असं आधीच विचारून ठेवा. आणि मशीन रोज बघायचंच असेल तर काचेच्या पाठीचं घड्याळ घ्यावं. रोलेक्सनेच 2023 साली 1908 हे मॉडेल पारदर्शक पाठीचं आणलं. ओमेगाच्या हातचावीच्या स्पीडमास्टरमध्ये प्लास्टिक काचेच्या प्रकाराला बंद पाठ आणि सफायर काचेच्या प्रकाराला पारदर्शक पाठ असते. घेताना एवढं विचारलं तरी पुरे.

पाना परत पाठवता येत असेल तर पाठवा. चेंडू ठेवा, पुढच्या उत्तरातल्या वाचकाला पाठ दाबताना कदाचित उपयोगी पडेल.

मला घड्याळ उघडायला शिकायचंच आहे. सुरुवात कशावर करू? वडिलांचं बंद पडलेलं एचएमटी घरात आहे.
— एक वाचक, अशोक चौक

एचएमटी उत्तम, पण वडिलांचं नको. तसंच दुसरं एखादं जुनं घ्या. एचएमटीने 1961 साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’सारखी हातचावीची मॉडेलं इतकी खपली की आजही जुन्या बाजारात सहज मिळतात. चकचकीत रंगीत डायलचं घड्याळ बहुधा नंतर रंगवलेलं असतं. संग्रहासाठी ते टाळावं, शिकायला चालेल.

अशोक चौकात, मागांच्या वस्तीत राहता, म्हणून आधी जागेचं बोलू. मागाच्या खोलीत बसू नका. ज्या खोलीत पंखा बंद आणि खिडकी लावून अर्धा तास शांत राहता येईल ती निवडा. टेबलावर टॉवेल अंथरू नका, तो कितीही सोलापुरी असला तरी! त्याचे तंतू आपल्याला नकोच आहेत. गुळगुळीत पांढरा कागद घ्या, म्हणजे पडलेला स्क्रूही दिसेल. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटांचा घाम धातूवर डाग पाडतो, म्हणून दोन-तीन बोटांना रबरी टोप्या घाला.

पट्टा काढून घड्याळ पालथं करा. या घड्याळांची पाठ सहसा दाबून बसवलेली असते. कडेने भिंग फिरवलंत तर एके ठिकाणी नखभर ओठ किंवा फट दिसेल. ती सापडेपर्यंत सुरी हातात घेऊ नका. सापडली की शेजारच्या दोन्ही कानांवर चिकटपट्टी लावा. पाठ उघडायची बोथट सुरी त्या फटीत टेकवा, मिलिमीटरभरही आत जाऊ देऊ नका आणि किल्ली फिरवावी तशी जागच्या जागी फिरवा. पाठ ‘टक’ करून सुटते. नवशिका इथेच चुकतो: सुरी पेचकसासारखी आत ढकलतो. मग पातं एक तर डाव्या तळव्यात जातं, नाही तर बॅलन्स चाकावर. घड्याळ धरलेला हात नेहमी पात्याच्या मागे असू द्या.

आता थोडीशी चावी द्या आणि पाच पट भिंगातून बघा. बॅलन्स सेकंदाला पाच ठोके टाकतो, म्हणून इथे चाकाचं जाणं-येणं डोळ्याला पकडता येतं. लाल-गुलाबी ठिपके म्हणजे माणिकं, ती कृत्रिम असतात. बॅलन्सच्या वर एक लांबट दांडी दिसेल, तिच्याखाली पुढे-मागे अशा खुणा असतील. ती वेळ जुळवायची दांडी. तिला केसभर धक्का लागला तरी दिवसाचा हिशोब मिनिटांनी बदलतो. पहिल्या दिवशी काहीही सोडवू नका, विशेषतः चावी भरलेली असताना. मुख्य स्प्रिंगमध्ये ताण असताना चाकांवरचा पूल, म्हणजे त्यांना वरून धरणारी पट्टी, सैल केला तर चाकं गर्रकन फिरतात आणि दाते तुटतात.

धूळ दिसली तर तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. रबरी फुगा दाबून हवा मारा. दहा मिनिटांच्या वर पाठ उघडी नको. मध्येच कोणी हाक मारली तर मशीनवर काचेचा पेला पालथा घाला.

बंद करताना पाठीच्या आतल्या कडेला एक खाच असते. ती चावीची दांडी जिथून बाहेर येते तिथेच यायला हवी, नाही तर पाठ कितीही दाबा, बसणार नाही. आणि बसली नाही की माणूस टेबलावर ठेवून तळव्याने दाबतो, मग समोरची काच फुटते. दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून सारखा दाब द्या. आपल्या जुळे सोलापूरच्या वाचकांनी तो चेंडू तुम्हाला दिला तर त्याने दाब पसरवून देता येतो. तरीही नाही बसली तर घड्याळजीकडे दाबायचं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम आहे.

सेलचं घड्याळ मात्र शिकायला घेऊ नका. त्यातल्या कॉइलची तार केसाहून बारीक असते, पेचकसाचं टोक नुसतं घासलं तरी तुटते आणि सहसा जोडता येत नाही.

पोहून आल्यावर माझ्या महागड्या स्विस घड्याळाच्या काचेखाली वाफ धरली. 50 मीटर लिहिलेलं आहे. तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. बरोबर केलं का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

डब्यातून आत्ताच काढा. पाठ बंद असताना तांदूळ आतली वाफ ओढणार कुठून? पाणी ज्या फटीतून शिरलं तेवढीच वाट आहे, आणि तिच्यातून तांदळाची पीठूळ मात्र चावीच्या खोबणीत जाते. गच्चीवर उन्हातही ठेवू नका. उन्हात पाण्याची वाफ होऊन ती डायलपर्यंत पोचते, संध्याकाळी थंडावली की तिथेच बसते. काट्यांवर आणि स्क्रूंवर गंज यायला एक-दोन दिवस पुरतात.

चावी ओढू नका, फिरवू नका. आजच जाणत्या कारागिराकडे न्या आणि पाठ उघडून मशीन वाळवायला सांगा. अशा वेळी पाठ उघडण्यात उशीर हाच धोका. सर्व्हिसिंगचा निर्णय नंतर घेता येईल. तलावातल्या क्लोरीनचं पाणी शिरलेलं असेल तर तेही सांगा, नुसतं वाळवून भागत नाही.

50 मीटर म्हणजे 50 मीटर खोल बुडी नव्हे. तो स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा आहे, आणि तोही वॉशर नवं असतानाचा. नियमित पोहायला 100 मीटरपासून पुढचं घड्याळ आणि आट्यांवर फिरवून घट्ट बसणारी चावी असलेलं घ्या.

घड्याळ परत आल्यावर घरी एक तपासणी करता येते. ते 40 अंशांच्या आसपास गरम होऊ द्या (सोलापूरच्या उन्हाळ्यात यासाठी वेगळं काही करावं लागत नाही), मग काचेच्या मधोमध थंड पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभराने थेंब पुसा. त्या जागी काचेच्या आतून धुकं दिसलं तर ओल अजून आत आहे.

जुनं रोलेक्स विकत घेतोय. विक्रेता म्हणतो, ‘इथेच पाठ उघडून दाखवतो, मशीन बघा.’ बघावं का?
— एक वाचक, मुरारजी पेठ

दुकानाच्या काउंटरवर नको. नकली मशीनही आता इतकी हुबेहूब येतात की ओळखणाऱ्याचा डोळा नसेल तर पाठ उघडून काहीच सिद्ध होत नाही. आधी बाहेरून बघा. पट्टा काढल्यावर 12 च्या बाजूला कानांच्या मध्ये मॉडेल क्रमांक असतो. अनुक्रमांक जुन्या घड्याळांत 6 च्या बाजूला, नव्यांत काचेखालच्या आतल्या कड्यावर कोरलेला असतो. कार्डावरचा आणि हा जुळायला हवा. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं, नकलीत बरेचदा कमी. डेटजस्ट किंवा सबमरिनरला काचेची पाठ असेल तर तिथेच नमस्कार करा.

हे सगळं जुळलं तर पैसे देण्याआधी, विक्रेत्यासह, अधिकृत किंवा पारखलेल्या सर्व्हिस केंद्रात जा. तिथे पाठ उघडून घ्या आणि नंतर दाबाची तपासणी करून घ्या. विक्रेता यायला तयार नसेल तर उत्तर मिळालं.

ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला दहा मिनिटं पुढे जायला लागलं. पाठ उघडून दांडी मागे सारू का?
— एक वाचक, होटगी रोड

बहुधा त्यात चुंबकत्व शिरलं आहे. टॅब्लेटचं कव्हर, स्पीकर, पर्सचा चुंबकी खटका यांच्याजवळ ठेवलं होतं का, आठवा. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. सुईचं साधं होकायंत्र चालत्या घड्याळावर धरा. सुई थरथरली तर नक्की. चुंबकत्व काढायचं यंत्र घड्याळजीकडे असतं. बटण दाबलेलं ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच सोडलं तर चुंबकत्व राहतं, कधी वाढतंही. पाठ बंदच ठेवून हे होतं. आत्ता दांडी सारलीत तर चुंबकत्व गेल्यावर घड्याळ तेवढंच मागे पडेल.

आजोबांचं 1950 च्या सुमाराचं ‘रेडियम’चं घड्याळ आहे. अंधारात चमकत नाही. उघडून काट्यांवर नवा रंग लावू का?
— एक वाचक, विजापूर रोड

आपल्याकडे चमकणाऱ्या कुठल्याही काट्यांना रेडियम म्हणतात, पण त्या काळातल्या घड्याळात ते खरोखरच रेडियम असू शकतं. चमक गेली ती रंगातल्या चमकणाऱ्या द्रव्याची, रेडियम तसंच आहे. ते निम्मं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. जुना रंग ठिसूळ होऊन त्याची भुकटी होते आणि ती श्वासातून आत गेलेली वाईट. हे घड्याळ घरी उघडू नका, काटे खरवडू तर मुळीच नका. काच तडकलेली असेल तर पिशवीत बंद करून ठेवा आणि कारागिराकडे द्याल तेव्हा रेडियमचा संशय आधी सांगा, म्हणजे तो त्या तयारीने पाठ उघडेल.